पेशंटजवळ एकच नातेवाईक

दुसऱ्याच्या बैलाचे दात न विचारता बघू नयेत, एवढी साधी गोष्ट शिकायला मला सत्तेचाळीस वर्षं लागली, आणि त्यासाठी सरकारला मला विमानात बसवून आफ्रिकेत न्यावं लागलं.

झालं ते असं. मी लष्करात सर्जन. दक्षिण सुदानमध्ये शांतिसेनेबरोबर आपलं एक छोटं रुग्णालय आहे, तिथं माझी वर्षभराची नेमणूक झाली. पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात औषधांच्या पेट्या घेऊन आम्ही नाईलकाठच्या गुरांच्या तळावर गेलो. उन्हाळ्यात सगळीकडचा चारा संपला की माणसं शेकडो गुरं घेऊन नदीकाठी मुक्कामाला येतात. डासांसाठी पेटवलेल्या शेणाच्या धुरात उभी असलेली ती जनावरं बघून माझ्यातला सर्जन कुठल्या कुठं गेला आणि बीड जिल्ह्यातल्या सिरसाळ्याच्या शेतकऱ्याचा पोरगा जागा झाला. शिंगं तर अशी, की दोन्ही हात पसरले तरी टोकाला टोक लागू नये. सगळ्यांच्या पुढं एक पांढराशुभ्र बैल उभा होता. शिंगांच्या टोकांना गोंडे, गळ्यात घंटा.

आता सिरसाळ्याच्या बाजारात माणूस बैलासमोर उभा राहिला की आधी काय करतो? तोंड उघडून दात बघतो. दातांवरून वय कळतं. माझे चुलते तर पाहुण्यांच्या घरी मुलगी बघायला गेले तरी आधी गोठ्यात जाऊन बैलाचे दात बघायचे. तेच रक्त. मी सरळ पुढं झालो, बैलाची नाकपुडी धरली, खालचा ओठ ओढला आणि मागं उभ्या असलेल्या हवालदार घोळव्याला ऐटीत सांगितलं, "चार दाती!"

पुढचं मला नीट आठवत नाही. आकाश दिसलं, मग शेणाच्या राखेचा ढीग दिसला, मग मी त्या ढिगात होतो. माझी निळी टोपी उतारावरून घरंगळत एका शेळीपाशी थांबली. शेळीनं ती हुंगली आणि नापसंत केली.

सगळा तळ हसत होता. एक माणूस तेवढा हसत नव्हता. ताडासारखा उंच, अंगाला राख फासलेला, हातात काठी. तो बैलाच्या आणि माझ्या मधे येऊन उभा राहिला आणि काहीतरी बोलला.

आमचा दुभाषा जॉन त्याच भागातला. चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता भाषांतर करायची त्याची हातोटी होती. तो म्हणाला, "ह्याचं नाव माजोक. हा विचारतो, तुला हा बैल विकत घ्यायचा होता का?"

"नाही हो. नुसता बघितला."

जॉननं ते सांगितलं. माजोक बराच वेळ बोलला. हातवारे झाले, एकदा माझ्या टोपीकडं बोट झालं. जॉननं सगळ्याचं सार काढलं. "तो म्हणतो, नुसतं बघायचं असेल तर लांबून बघ."

घोळवे मला उठवता उठवता कानात म्हणाला, "साहेब, लागलं तर न्हाई ना? आन् खरं सांगू का, त्यो चार दाती न्हाई. सगळे दात आलेत त्याला."

"आधी का नाही सांगितलं?"

"तुमी साहेब. मी कावून बोलू?"

आणखी एक गोष्ट इथंच सांगून टाकतो, नाहीतर वाचकांत कुणी सिरसाळ्याचा निघाला तर तो सांगेलच. आमच्या घरी आता बैल नाहीत. ट्रॅक्टर आहे. पोळ्याला धाकटा भाऊ ट्रॅक्टरच्या दिव्यांना गोंडे बांधतो आणि बॉनेटला नैवेद्य दाखवतो. माझं बैलांबद्दलचं सगळं ज्ञान दहा वर्षांच्या मुलानं चुलत्यांच्या पाठीमागून बघितलेलं.

जाताना

माझी बायको मंदा मूळची दिंद्रुडची. माझी नेमणूक झाली हे कळल्यावर आईनं नारायणगडाचा अंगारा पुडीत बांधून दिला. मंदानं शेंगदाण्याची चटणी, काळा मसाला आणि मेथीचं बी दिलं. मेथीचं बी कशाला म्हटल्यावर म्हणाली, "तुमी नुसत्या डाळीवर कुजकट बोलता. भाजी लावा तिथं."

तिच्या पोटात तेव्हा अधूनमधून दुखायचं. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले होते. ऑपरेशन किरकोळ, पण घाई नव्हती. मी आल्यावर बघू, असं आम्ही दोघांनी ठरवलं. म्हणजे मी ठरवलं आणि तिनं ऐकलं.

निघताना तिचा शेवटचा सल्ला होता, "जा. पण तिथं कुणाला शहाणपण शिकवाया जाऊ नका."

दातांचा किस्सा मी तिला पहिल्याच फोनवर सांगितला. तिकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मला वाटलं नेटवर्क गेलं. मग कळलं, ती हसत होती आणि फोन माझ्या आईकडं दिला होता.

काळी माती

परदेशात गेलं की सगळं वेगळं दिसतं असं प्रवासातून आलेले लोक सांगतात. माझी पंचाईत अशी झाली, की मला सगळं ओळखीचं दिसायला लागलं.

हेलिकॉप्टरमधून खाली पाहिलं तर काळी माती. उतरलो, अवकाळी पाऊस पडून गेला होता, चार पावलं चाललो आणि बुटांना अशी माती चिकटली की प्रत्येक पाय अर्ध्या किलोनं जड. ही माती मी ओळखतो. ही लहानपणी माझ्या चपला खात आली आहे. रुग्णालयाच्या आवारात कडुलिंब. जेवायला ज्वारी. फक्त ते लोक ज्वारीचं पीठ आंबवून कागदासारखा पातळ पापुद्रा करतात, त्याला किसरा म्हणतात, आणि भेंडीच्या बुळबुळीत कालवणाबरोबर खातात. वर शेंगदाण्याचं कूट. म्हणजे ज्वारी आपली, भेंडी आपली, शेंगदाणे आपले. फक्त सुगरण दुसरी.

बाजारात चहा विकणाऱ्या बाईला घोळव्यानं एकदा भाकरी थापून दाखवली. तिनं ती हातात घेऊन वजन केलं, मागून पुढून बघितली आणि जॉनला विचारलं, ही खायची असते का?

भाषेचंही तसंच. तिकडची बाजारातली बोली अरबीची. औषधाला दवा, खुर्चीला कुर्सी, साबणाला साबून, वैद्याला हकीम. निजामानं आमच्या मराठवाड्यात जे शब्द सोडले ते मला इतक्या लांब कामाला आले. घोळवे तर बिनधास्त बोलायचा. "हकीम साब आया, कुर्सी लाव," एवढ्या वाक्यावर त्यानं वर्ष काढलं.

आणि ते गुरांचे तळ. बरोबरचे अधिकारी फोटो काढायचे. मला फोटो काढावासा वाटायचा नाही. आमच्याकडं दिवाळी झाली की गावंच्या गावं अशीच उठतात. बैलगाड्या, कोयते, भांडी, लेकरं, गाडीच्या मागं बांधलेली शेळी. ऊसतोडीला कारखान्याच्या फडावर जाऊन पाचटाच्या कोप्या घालून राहतात. ह्यांच्या काठ्या आणि गवताच्या झोपड्या बघितल्या की मला उगाच वाटायचं, आतून कुणीतरी हाक मारील, "डाक्टर, कवा आलता?" फरक एवढाच, की आमची माणसं दुसऱ्याच्या उसामागं जातात आणि ही स्वतःच्या गुरांमागं. ह्यांच्यात मुलाचं नाव गुरांच्या रंगावरून ठेवतात. तरुण माणूस आपल्या लाडक्या बैलावर गाणी रचतो आणि त्याच्यापुढं उभा राहून म्हणतो. माजोकचा बैल पांढरा, म्हणून बैलाचं नाव माबिओर. "ह्याला बायको नाही," जॉन माजोकबद्दल म्हणाला होता, "पण ह्याला फरक पडला आहे असं दिसत नाही."

माझे दात

पावसाळ्यात नदी फुगली आणि तळ उठून आमच्या रुग्णालयापासून कोसभरावरच्या उंचवट्यावर आला. एका दुपारी चार माणसं सुतळीच्या खाटेवर एकाला घेऊन आली. आपल्याकडं बाजेवर घालून आणतात, अगदी तसंच. बरोबर आणखी पंधरा-वीस माणसं. तेही तसंच.

खाटेवर माजोक होता. हर्निया. वर्षानुवर्षं लपवलेला, आणि आता त्यात आतडं अडकून पीळ पडलेला. पोट फुगलं होतं, ओठ सुकले होते. लगेच कापलं नाही तर माणूस हाती लागणार नव्हता. पावसामुळं हेलिकॉप्टर बंद, म्हणजे मोठ्या रुग्णालयात पाठवायची सोय नाही. जे काय करायचं ते इथंच आणि मीच.

मी जॉनला म्हणालो, "सांग त्याला. आतडं अडकलंय. आत्ता ऑपरेशन करावं लागेल."

माजोकनं माझ्याकडं बघितलं. बघतच राहिला. मग एवढ्या कळा येत असताना त्यानं दोन बोटांनी आपला ओठ ओढला आणि तोंड वासलं.

जॉन म्हणाला, "तो म्हणतो, आधी दात बघ. तुझी रीत आहे ना."

बरोबरच्या माणसांत खसखस पिकली. मी बघायचं नाही म्हटलं तरी दिसलंच. त्याचे खालचे पुढचे दात नव्हते. त्यांच्यातल्या जुन्या रीतीप्रमाणं पोरवयातच काढलेले. बैलाला वरचे पुढचे दात नसतात, माजोकला खालचे नव्हते.

"तो म्हणतो," जॉन पुढं म्हणाला, "जो माणूस दात बघतो तो घ्यायला नाहीतर विकायला आलेला असतो. तुझ्या हातानं कापून घेणार नाही."

त्याचा मामा पांढऱ्या केसांचा, काठीवर हनुवटी टेकवून उभा होता. त्यानं भाच्याला काहीतरी सुनावलं. भाच्यानं मान फिरवली. इकडं घड्याळ पळत होतं. अडकलेलं आतडं माणसाच्या रुसव्यासाठी थांबत नाही.

मला काय सुचलं कुणास ठाऊक. मी मास्क खाली ओढला, खाटेजवळ गुडघ्यावर बसलो आणि आपलं तोंड उघडलं.

माजोक कोपरावर उठला. त्यानं माझी हनुवटी धरली, उजेडाकडं वळवली, अंगठ्यानं ओठ वर केला. अंगठ्याला शेणाच्या राखेची चव होती. त्यानं माझी सोनेरी टोपी घातलेली दाढ बघितली, कॉलेजातल्या सुपारीचे डाग बघितले. मग हात सोडून आडवा झाला आणि डोळे मिटून बोलला.

"तो म्हणतो, वय झालंय, पण अजून चारा चावता येईल." जॉन थांबला. "काप म्हणतो."

घोळवे माझ्या पाठीमागून म्हणाला, "साहेब, सौदा झाला. घ्या टेबलावर."

आतड्याचा एक तुकडा काळा पडला होता. तो काढला, दोन्ही टोकं जोडली, पोट शिवलं. सर्जनचं काम इथं संपतं असं लोकांना वाटतं. खरं तर इथून वाट बघणं सुरू होतं. जोड टिकला का, आतडं परत चालू झालं का, हे सांगणारी खूण एकच. पेशंटचा वारा सरायला हवा. तो सरेपर्यंत खाणं बंद, दूध बंद. आणि जोड सुटला तर विष पोटभर पसरतं. मग त्या पावसात माझ्याजवळ नारायणगडाच्या अंगाऱ्याशिवाय फारसं काही उरलं नसतं.

नातेवाईक

दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाच्या वेळी घोळवे धापा टाकत आला. "साहेब, खाट रिकामी हाय!"

माजोक गेटपाशी सापडला. कमरेत वाकलेला, एका हातानं पोट धरलेलं, दुसऱ्या हातात सलाईनची बाटली झेंड्यासारखी उंच. गेटवर मंगोलियाचा एक शिपाई पहाऱ्याला होता, तो बिचारा दोन्ही हात पसरून आडवा उभा होता.

वॉर्डात धरून चार पावलं चालवणं वेगळं. हा चिखलातून कोसभर तळावर जाणार, तिथं माणसं त्याला भोपळ्याच्या भांड्यातून दूध पाजणार, आणि माझा जोड उसवणार. मी रागावलो. जॉननं त्या रागाचं भाषांतर केलं का नाही ते माहीत नाही.

माजोक म्हणाला, माबिओर दुसऱ्या कुणाच्या हातचं घेत नाही. कालपासून उपाशी असेल. शिवाय नदीपलीकडून गुरं पळवणारे येतात अशी बातमी आहे. मी इथं झोपलो आणि तिकडं माझा बैल नेला, तर हे आतडं तू कशाला जोडलंस?

खाटेला बांधून ठेवा म्हणणारेही निघाले. मी त्याला कसाबसा आत आणला आणि संध्याकाळपर्यंतची मुदत मागून घेतली.

आमचे कमांडिंग ऑफिसर कर्नल साहेब केरळचे. स्वभाव खोबरेल तेलासारखा. सकाळच्या गारव्यात घट्ट, ऊन चढलं की पातळ. म्हणून मी दुपारी गेलो.

"डॉक्टर, हे रुग्णालय आहे," ते म्हणाले.

"हो सर."

"आणि तो बैल आहे."

"हो सर. पण सर, आपल्याच नियमांत आहे, पेशंटजवळ एक नातेवाईक थांबू शकतो."

"नातेवाईक, डॉक्टर. जनावर नव्हे."

"सर, नातेवाईक कुणाला म्हणायचं ते नियमात लिहिलेलं नाही. आमच्याकडच्या दवाखान्यात तर पेशंटमागं बारा जण येतात. स्टोव्ह पेटवतात, पेशंटसाठी आणलेलं शहाळं स्वतः पितात, पेशंटच्याच खाटेवर घोरतात. वर डॉक्टरला दम देतात. त्या मानानं हा नातेवाईक बरा आहे सर. प्रश्न विचारत नाही."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "चावला म्हणजे?"

"वरचे पुढचे दातच नसतात सर."

"तुम्हाला बैलांचं बरंच कळतं, असं मी ऐकलं आहे," साहेब म्हणाले. राखेच्या ढिगाची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती तर. "शेण कोण काढणार?"

"घोळवे, सर."

दाराबाहेर घोळव्याच्या हातातून ट्रे पडल्याचा आवाज आला.

ऊन चांगलं चढलं होतं. परवानगी मिळाली. बैल कडुलिंबाखाली, वॉर्डाच्या खिडकीबाहेर, आणि पेशंट बरा होईपर्यंतच.

संध्याकाळी मामा बैल घेऊन आला. भाच्याचंच गाणं तो पुढं चालत म्हणत होता, कारण त्याशिवाय माबिओर पाय उचलत नव्हता. गेटवर मंगोलियाच्या शिपायानं आधी पास बघितला, मग बैल बघितला, मग बंदूक पाठीवर टाकून बैलाच्या मानेवरून हात फिरवला. त्याच्या देशातही सगळी जनावरंच जनावरं. तो पास त्यानं स्वतःच्या हातानं बैलाच्या शिंगाला बांधला.

माबिओरनं खिडकीतून तोंड आत घातलं. माजोकनं झोपल्या झोपल्या हात वर केला. त्यानंतर त्या माणसानं एकदाही खाट सोडायचं नाव काढलं नाही. माझ्या सगळ्या उपदेशाला जे जमलं नव्हतं ते एका श्वासानं केलं. बैलाच्या.

रुग्णालयात आता शिस्त आली. माबिओर हंबरला की राऊंडची वेळ. एका सकाळी त्यानं दावं तोडलं आणि मंदाच्या बियांची मी राखून वाढवलेली मेथी मुळासकट खाल्ली. त्याच दिवशी तिचा फोन आला.

"पोटात लई दुखायलंय कालपासून," ती म्हणाली.

"तेलकट खाऊ नको. बरं ऐक, त्या बैलानं आज आपली मेथी खाल्ली!"

"सगळी?"

"सगळी. आणि पेशंट अजून उपाशी. चौथा दिवस, वारा सरला नाही. मी तर हलतच नाही त्याच्याजवळून."

"बरं," मंदा म्हणाली. "बसा त्याच्यापाशी."

पोळा

चिंता खरी होती. पोट अजून तटतटलेलं, हलका ताप. मी स्टेथोस्कोप लावून ऐकायचो, आत शांत. सकाळ-दुपार-संध्याकाळ तोच प्रश्न, वारा सरला का? जॉननं तो इतक्यांदा विचारला की वॉर्डातले बाकीचे पेशंटही माजोकला तोच विचारायला लागले. गेटवरचा मंगोलियन शिपाई लांबूनच हातानं खूण करून विचारायचा. कर्नल साहेब जेवताना विचारायचे. देशोदेशीची शिकलेली माणसं एका माणसाच्या वाऱ्याकडं डोळे लावून बसली होती.

अशात घोळवे म्हणाला, "साहेब, उद्या पोळा."

मी म्हटलं, "मग?"

"मग काय? दारात बैल हाय. गावाकडं कुणाच्या दारात न्हाई, आन् आपल्या हाय."

आदल्या संध्याकाळी त्यानं मेसमधलं तूप आणि हळद आणून माबिओरचे खांदे मळले. त्याच्या कानाशी जाऊन रीतीप्रमाणं आमंत्रण दिलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." माजोक खिडकीतून सगळं बारीक नजरेनं बघत होता. त्यानं जॉनला विचारलं, ही माणसं काय करतात? मी सांगितलं. वर्षातला एक दिवस आमच्याकडं बैलाला काम नसतं. त्याला धुतात, सजवतात, पुरणपोळी भरवतात आणि त्याच्या पाया पडतात.

माजोकनं विचार केला. "तो विचारतो," जॉन म्हणाला, "बाकीचे दिवस काय करतात?"

मी म्हणालो, राऊंडची वेळ झाली.

पोळ्याच्या दिवशी मेसच्या आचाऱ्यानं हरभऱ्याची डाळ शिजवून पुरण घातलं. पोळ्या फाटल्या, पण बैलानं तक्रार केली नाही. घोळव्यानं ओवाळलं, मी पाया पडलो. कर्नल साहेब सहज फिरत फिरत तिकडं आले आणि सहजच त्यांच्या खिशात गूळ निघाला. खिडकीच्या आत माजोक पाच दिवसांचा उपाशी, आणि खिडकीच्या बाहेर त्याचा नातेवाईक पुरणपोळ्या हाणत होता. बीडचा कुठलाही दवाखाना असाच असतो.

सगळं झाल्यावर माजोक गाणं म्हणायला लागला. आधी हळू. टाक्यांमुळं जोर लावता येत नव्हता. माबिओरनं कान वळवले. माजोकनं दोन्ही हात शिंगांसारखे वर केले आणि आवाज चढवला. मी त्याला थांबवायला वॉर्डात धावलो. पोटावर ताण पडेल, टाके तुटतील. मी खाटेपाशी पोचलो तेवढ्यात, गाण्याच्या ऐन भरात, वारा सरला.

लहान नव्हे. वॉर्डाच्या त्या टोकाला ऐकू जाईल असा. आणि मग जी आरोळी उठली! मामा काठी घेऊन नाचायला लागला. घोळव्यानं "हरहर महादेव" केलं. मी स्टेथोस्कोप लावला. आत गुरगुर, खळखळ, ओढ्याला पाणी यावं तशी. माझे डोळे भरून आले, आणि कशापायी भरून आले हे चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं.

माजोक हळूहळू पाणी, पेज, दूध करत उभा राहिला. जायच्या दिवशी तो मला कडुलिंबाखाली घेऊन गेला. त्यानं माबिओरच्या गळ्यावर हात टाकला, स्वतःच्या बोटांनी त्याचा खालचा ओठ ओढला आणि मला मानेनं खूण केली.

जॉन म्हणाला, "तो म्हणतो, आता बघ."

मी वाकून बघितलं. खूप वेळ बघितलं. खरं सांगतो, मला काही कळलं नाही. मी म्हणालो, "फार सुरेख आहेत." त्याचं भाषांतर जॉनला करावं लागलं नाही.

सिरसाळा

परत आलो तेव्हा घरी सगळी बसली होती. आई, भाऊ, भावजय, शेजारची चार माणसं. मी हा सगळा किस्सा उभा राहून, हातवारे करून सांगितला. राखेत पडलो तेव्हा पडून दाखवलं. वारा सरला तेव्हा आई पदर तोंडाला लावून हसली. भाऊ म्हणाला, "दादा, हे तुमी सोमवारी सत्कारात सांगा." दिंद्रुडला, म्हणजे घोळव्याच्याही गावाला, सरपंचानं आम्हा दोघांचा सत्कार ठेवला होता. फेटा, शाल, मिरवणूक, सगळं.

मंदा एवढा वेळ भिंतीला टेकून मेथी निवडत होती. मधे एकदा तिनं बरगडीखाली हात दाबून धरला, तो मी बघितला आणि बोलत राहिलो. माणसं उठून गेल्यावर तिनं मेथीच्या काड्या पदरातून झटकल्या.

"माझं आप्रेशन ठरवलंय," ती म्हणाली. "अंबाजोगाईला. मीच फोन केलता. सोमवारी."

"सोमवारी?"

"हां. पेशंटपाशी एकच नातेवाईक ठेवत्यात म्हणे." ती उठली, निवडलेल्या भाजीची परात काखेला लावली आणि दारात वळून म्हणाली, "तवा आत्ताच सांगा. तुमी येताय, का बैल धाडताय?"